सातारचे दोघे, लंडनचा शनिवार-रविवार आणि रंगो बापूजी

पायथ्याचा सातारकर

सातारचा माणूस लंडनला निघालाय आणि हातात फक्त शनिवार-रविवार आहे, तर त्याने काय बघावं, यासाठी हा धागा. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. त्याने रंगो बापूजींचं लंडन बघावं. बाकीचं वाटेत दिसतंच.

सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीच्या कामासाठी कॉव्हेंट्रीला गेलो होतो. आमच्या एमआयडीसीतल्या कारखान्यासाठी तिथे एक ग्राइंडिंग मशीन तयार होत होतं, त्याची ट्रायल घ्यायची होती. मधला शनिवार-रविवार मोकळा मिळाला. माझा शाळेपासूनचा मित्र लेस्टरला असतो. कराडच्या गव्हर्नमेंट इंजिनिअरिंगचा सिव्हिलवाला. त्याला फोन केला, "लंडनला येतोस का?" तो म्हणाला, "येतो, पण मला पूल आणि बोगदे दाखवायचे." मी म्हटलं, "मला लेडनहॉल स्ट्रीट बघायचाय." असा सौदा ठरला.

रंगो बापूजी गुप्ते कोण, हे सातारच्या मंडळींना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी थोडक्यात. साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांवर ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने कटाचे आरोप ठेवले. ते मान्य आहेत अशा कागदावर सही केली असती तर गादी राहिली असती. महाराजांनी सही केली नाही. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं आणि धाकटे भाऊ आप्पासाहेब यांना गादीवर बसवलं. महाराजांची बाजू थेट कंपनीच्या दारात मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथेच राहिले. तेरा-चौदा वर्षं! मधल्या काळात, १८४७ मध्ये, महाराज काशीलाच वारले. १८४८ मध्ये आप्पासाहेब गेले आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा केलं. ज्या राजासाठी गेले तो राजा नाही, ज्या राज्यासाठी गेले ते राज्य नाही, तरी हा माणूस पुढे पाच वर्षं तिथे अर्ज करत राहिला. मला या गोष्टीचं लहानपणापासून फार वाटतं.

म्हणून आम्ही दोघांनी एक ठरवलं. जिथे जाऊ तिथे विचारायचं, हे त्यांच्या वेळी होतं का?

पहिलं उत्तर प्रवासातच मिळालं. मी कॉव्हेंट्रीहून युस्टनला उतरलो. हा लंडन-बर्मिंगहॅम लोहमार्ग १८३८ मध्ये पूर्ण सुरू झाला, म्हणजे रंगो बापूजी पोचले तेव्हा तो अगदी नवा होता. आपल्याकडे बोरीबंदर-ठाणे गाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला, ज्या वर्षी त्यांनी लंडन सोडलं त्या वर्षी. स्टेशनची इमारत मात्र त्या काळातली नाही, जुनी पाडून १९६० च्या दशकात नवी बांधली. मित्र लेस्टरहून सेंट पँक्रसला उतरला आणि चालत युस्टनला आला, दहा मिनिटांचं अंतर आहे.

तिथून लेडनहॉल स्ट्रीट. ईस्ट इंडिया हाउस, म्हणजे कंपनीची कचेरी, याच रस्त्यावर होती. पुढे सहा दगडी खांब, आत भागधारकांची सभा भरायचं दालन. साताऱ्याच्या प्रश्नावर वादविवाद झाले ते या सभेत. गुलामगिरीविरुद्ध लढणारे जॉर्ज थॉम्प्सन आणि खासदार जोसेफ ह्यूम हे तिथे आपल्या महाराजांच्या बाजूने बोलले. ही दोन नावं आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहेत, म्हणून मुद्दाम लिहितोय.

ती इमारत १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला पाडली. आता त्या जागेवर लॉइड्स या विमा बाजाराची इमारत आहे, रिचर्ड रॉजर्स यांची, १९८६ सालची. पाइप, जिने, लिफ्ट, सगळं बाहेर. मी कंपनीची एखादी खूण सापडते का बघत होतो आणि मित्र मान वर करून उभाच. तो म्हणाला, "अरे, पाइप आणि लिफ्टचं आयुष्य इमारतीपेक्षा कमी असतं. भिंतीत गाडले तर बदलताना सगळं फोडावं लागतं. बाहेर ठेवले की काढा आणि बसवा, आणि आतला मजला सलग मोकळा मिळतो." लेडनहॉल स्ट्रीटच्या बाजूला एक जुनं दगडी प्रवेशद्वार जपून ठेवलंय. ते कंपनीचं नाही बरं का, लॉइड्सच्याच १९२० च्या दशकातल्या आधीच्या इमारतीचं आहे. तिथे जाणाऱ्यांनी गैरसमज करून घेऊ नये.

मग शोधायला लागलो की या रस्त्यावर त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी शिल्लक असेल का? मित्रालाच दिसलं. लॉइड्सच्या समोर, सेंट मेरी ॲक्सच्या कोपऱ्यावर एक बुटकं दगडी चर्च आहे, सेंट अँड्र्यू अंडरशाफ्ट. १५३२ सालचं. १६६६ च्या आगीतून वाचलं, दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीतूनही वाचलं. आता त्याच्या मागे काचेचे मनोरे उभे आहेत, त्यातला काकडीच्या आकाराचा 'गर्किन' तुम्ही फोटोत बघितला असेल. कंपनीच्या दारातून बाहेर पडणाऱ्या माणसाला हे चर्च समोर दिसणारच. शनिवारी हा कचेऱ्यांचा भाग रिकामा असतो, त्यामुळे फुटपाथवर कितीही वेळ उभं राहा, कुणाचा धक्का लागत नाही. आम्ही तिथे बराच वेळ उभे राहिलो. दोघांनाही बोलावंसं वाटलं नाही.

पुढचं पटकन सांगतो. मॉन्युमेंटचा खांब, १६७७ चा, ३११ पायऱ्या. होता. लंडन ब्रिज: त्यांच्या वेळचा पूल १८३१ चा, तो अमेरिकेला विकला गेला आणि ॲरिझोनात लेक हवासूला पुन्हा उभारला. आताचा १९७३ चा. टॉवर ब्रिज १८९४ चा, म्हणजे नव्हता. सेंट पॉल्स कॅथीड्रल होतं. तिथून १५ नंबरची बस धरली, वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली, आणि फ्लीट स्ट्रीट, स्ट्रँड करत ट्रॅफल्गर चौकात उतरलो. नेल्सनचा खांब १८४० ते १८४३ मध्ये उभारला, म्हणजे तो उभा राहताना त्यांनी बघितला असेल. खालचे चार सिंह १८६७ चे, ते नव्हते.

आणि बिग बेन? नव्हतं! पार्लमेंटची जुनी इमारत १८३४ मध्ये जळाली. नव्याची पायाभरणी १८४० ची, आणि घड्याळाचा मनोरा पूर्ण झाला १८५९ मध्ये. म्हणजे रंगो बापूजींनी जे पार्लमेंट पाहिलं ते परांच्या बांधलेलं, बांधकाम चालू असलेलं. वेस्टमिन्स्टर हॉल तेवढा जुना, १०९७ चा, आगीतून वाचलेला. हे कळल्यावर त्या मनोऱ्यासमोर फोटो काढणाऱ्या गर्दीत उभं राहूनही मला वेगळंच चित्र दिसत होतं.

मित्राचा बोगदाही झाला. व्हाइटचॅपलहून गाडी धरली की वॉपिंग आणि रॉदरहाइथ या दोन स्टेशनांच्या मध्ये ती थेम्सच्या खालून जाते. मार्क ब्रुनेल यांचा थेम्स टनेल, १८४३ मध्ये पायी चालणाऱ्यांसाठी उघडला. बोटी चालतात अशा नदीखालून खणलेला हा जगातला पहिला बोगदा. गाड्या त्यातून १८६९ पासून. वॉपिंगच्या फलाटाच्या टोकाला उभं राहिलं की जुळ्या कमानींची तोंडं दिसतात. मित्राने मला शील्ड म्हणजे काय, ते समजावून सांगितलं. लोखंडी चौकटीत मजूर उभे, प्रत्येकाच्या पुढ्यात थोडीशी माती, तेवढीच फळी काढून खणायची, परत फळी लावायची, मग चौकट पुढे ढकलायची आणि मागे विटांचं बांधकाम करत यायचं. मेट्रोच्या बोगद्यांची यंत्रं याच कल्पनेतून पुढे आली.

रविवारचं उद्या लिहितो.

कृष्णाकाठ (सांगली)

दादा, लय भारी लिहिलंय. आम्ही शाळेत खालसा राज्यांच्या यादीत सातारा पाठ केलं आणि सोडून दिलं. व्हिसा आणि खर्चाचं पण लिहा. आमच्या आईला यायचंय, सत्तरी ओलांडलीय आणि गुडघे दुखतात. तिला हे सगळं झेपेल का?

माहुलीकर

धाग्यासाठी मनापासून आभार. पुढची गोष्ट राहिली ती जोडतो. रंगो बापूजी परत आले ते गप्प बसायला नव्हे. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाची तयारी झाली, तिच्या मागे तेच होते. बेत फुटला. ८ सप्टेंबर १८५७ ला गेंडामाळावर १७ जणांना देहदंड दिला, कुणाला फाशी, कुणाला तोफेच्या तोंडी, कुणाला गोळ्या. त्यात त्यांचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी स्वतः मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. लंडनमध्ये तेरा-चौदा वर्षं कायद्याच्या रस्त्याने न्याय मागून थकलेला माणूस मग हत्याराकडे वळला, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. घराणं बघा, शिवाजी महाराजांचे साथीदार दादाजी नरसप्रभू यांचं, रोहिडखोऱ्याचं.

निशिगंधा_वाई

माहुलीकर काका, "थकलेला" शब्द मला पटत नाही. थकलेला माणूस साठीच्या आसपास उठाव उभा करत नाही. बाकी सगळं मान्य.

माहुलीकर

पटलं ताई. "थकलेला" काढून "सगळे दरवाजे ठोठावून झालेला" असं वाचावं.

फलटणचा पाहुणा

लेख छान आहे, पण स्पष्ट लिहितो. एवढ्या लांब जाऊन टॉवर नाही, कोहिनूर नाही, लंडन आय नाही? पाडलेल्या इमारतीच्या जागेसमोर उभं राहायला शनिवार घालवायचा? पुन्हा जाणं होईल न होईल. मी असतो तर आधी प्रसिद्ध ते बघितलं असतं.

पायथ्याचा सातारकर

फलटणकर, तुमचा मुद्दा समजतो. पण हिशोब बघा. टॉवर ऑफ लंडनचं तिकीट तीस पौंडांच्या वर, रांगेसकट अर्धा दिवस. कोहिनूरसमोर सरकता पट्टा आहे, त्यावरून जाता जाता बघायचं. लंडन आयचं तिकीट वेगळं. ज्याला ते बघायचं त्याने जरूर बघावं. मला मात्र गावी परतल्यावर राजवाड्यासमोरून जाताना मनात काहीतरी हलायला हवं होतं, आणि ते हललं. शिवाय आम्ही प्रसिद्ध ठिकाणं टाळली नाहीत. सेंट पॉल्स, ट्रॅफल्गर, वेस्टमिन्स्टर, सगळं वाटेवरच लागलं.

आता रविवार.

सकाळी नॉर्दर्न लाइनने चॉक फार्मला उतरलो. तिथून १० किंग हेन्रीज रोड चालत जवळ आहे. हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं घर. १९२१-२२ मध्ये ते इथे राहिले. विटांचं साधं घर, त्यावर निळी गोल पाटी, नाव, १८९१-१९५६, आणि खाली सामाजिक न्यायासाठी लढणारे भारतीय, अशा अर्थाची ओळ. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये हे घर घेतलं, आता स्मारक आहे. आत छायाचित्रं आहेत, ग्रंथ आहेत, भिंतींवर त्यांची वचनं आहेत. आम्ही चपला-बूट नीट लावून, हळू आवाजात एकेक खोली बघितली.

आता सातारच्या नजरेने बघा. ७ नोव्हेंबर १९०० ला त्यांचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झालं, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात. हजेरीपटावर 'भिवा रामजी आंबेडकर', क्रमांक १९१४. ती शाळा भरायची राजवाड्यात. प्रतापसिंह महाराजांच्या नावाच्या शाळेतून निघालेला मुलगा पुढे याच शहरात आला, ज्या शहरात त्या महाराजांचा वकील न्याय मागत फिरला होता. १९१६ मध्ये आले तेव्हा शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. १९२० मध्ये ते परत आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये राहिलेलं पुरं केलं आणि ग्रेज इनमधून बॅरिस्टरही झाले. शनिवारी १५ नंबरच्या बसमधून जाताना ऑल्डविचला त्यांचं कॉलेज आमच्या उजव्या हाताला होतं.

तिथून प्रिमरोज हिलवर चढलो. चढ म्हणजे काहीच नाही, साठ-पासष्ट मीटरची टेकडी. पण साताऱ्याच्या 'चार भिंती' टेकडीवरून जसा सगळा सातारा एका नजरेत येतो, तसं वरून लंडन दिसतं. आदल्या दिवशी चालून काढलेली ठिकाणं मित्राने बोटाने दाखवली, सेंट पॉल्सचा घुमट, त्याच्यापलीकडे लेडनहॉलचे मनोरे. बाकावर बसून मी नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मित्राला ती चटणी बघून झालेला आनंद मी विसरणार नाही.

दुपारी व्ही अँड ए म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. प्रवेश फुकट. वाघनखं तेव्हा तिथे नव्हतीच, जुलै २०२४ पासून ती आपल्या साताऱ्याच्या संग्रहालयात होती. आम्ही गेलो टिपूचा वाघ बघायला.

हा लाकडी वाघ जवळजवळ खऱ्या वाघाएवढा आहे. खाली उताणा पडलेला गोरा सैनिक, लाल कोट, काळे बूट, आणि वाघाने त्याच्या गळ्यात दात रुतवलेले. बाजूला एक दांडा आहे. तो फिरवला की आतला भाता चालायचा, सैनिकाचा हात वरखाली व्हायचा, त्याचं कण्हणं आणि वाघाची गुरगुर ऐकू यायची. वाघाच्या कुशीत एक झडप आहे, तिच्या आत बाजाच्या पट्ट्या. श्रीरंगपट्टण पडल्यावर १७९९ मध्ये तो इंग्रजांच्या हाती लागला. आणि आता ऐका. १८०८ पासून हा वाघ ठेवला होता ईस्ट इंडिया हाउसमध्ये, लेडनहॉल स्ट्रीटवर! लोक येऊन दांडा फिरवायचे. कंपनीच्या वाचनालयात बसलेले अभ्यासक त्या आवाजाने हैराण व्हायचे. म्हणजे रंगो बापूजी ज्या कचेरीत खेटे घालत होते त्याच इमारतीत हा वाघ गुरगुरत होता. कचेरी गेली, वाघ उरला. आदल्या दिवशी आम्ही त्या रस्त्यावर त्यांच्या वेळची एक वस्तू शोधत होतो, ती इथे काचेच्या पेटीत होती.

मित्र त्या दांड्याकडे बघत होता. आता तो कुणाला फिरवू देत नाहीत, वस्तू नाजूक झालीय. ते योग्यच आहे.

त्याच दालनात महाराजा रणजितसिंहांचं सोन्याचं सिंहासन आहे. लाकडावर सोन्याचे पत्रे ठोकलेले, खाली कमळाच्या पाकळ्यांसारखी घडण. १८४९ मध्ये पंजाब खालसा केला तेव्हा कंपनीने घेतलं. सातारा १८४८, पंजाब १८४९. लागोपाठ.

संध्याकाळी युस्टनला एकमेकांचा निरोप घेतला. दोन दिवस आम्ही सतत भांडत होतो, पूल आधी की रस्ता आधी. शाळेत होतो तसेच. एकट्याने गेलो असतो तर ते चर्च मला दिसलंच नसतं, आणि त्याला वाघाची गोष्ट कळली नसती.

देऊरचा मास्तर

सर, हजेरीपटाचा उल्लेख केलात, फार बरं वाटलं. ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात, तो या शाळाप्रवेशामुळेच. बाबासाहेबांच्या मातोश्री भीमाबाईंची समाधीही साताऱ्यात आहे. लंडनच्या घराला भेट देणाऱ्या सातारकरांनी आधी ही दोन ठिकाणं बघावीत, दोन्ही आपल्याच गावात आहेत.

अदालतवाडा_९०

वाघनखांबद्दल एक लिहू का? लोक यावर फार चिडून बोलतात. व्ही अँड ए म्युझियमनेच म्हटलंय की ही तीच वाघनखं आहेत, हे पडताळणं शक्य नाही. ती त्यांच्याकडे आली ग्रँट डफच्या वंशजांकडून. ग्रँट डफ १८१८ ते १८२२ साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी होता, म्हणजे अफझलखानाच्या प्रसंगानंतर सुमारे १६० वर्षांनी. मला वाटतं आपण हे शांतपणे मान्य करावं. साताऱ्याहून गेलेली वस्तू साताऱ्यात बघायला मिळाली, एवढंही मोठं आहे.

माहुलीकर

सहमत. मी नातवाला घेऊन रांगेत उभा होतो. तो विचारत होता, खरीच का? मी त्याला तुम्ही लिहिलंत तेच सांगितलं. त्याचा उत्साह काही कमी झाला नाही.

निशिगंधा_वाई

ग्रँट डफ आणि प्रतापसिंह महाराजांचे संबंध चांगले होते, हेही लक्षात ठेवायला हवं. त्याच कंपनीने पुढे वीस वर्षांत महाराजांना काशीला पाठवलं. माणूस बदलला की सरकारची वागणूक कशी बदलते, ते इथे दिसतं.

मिरजेची_मुक्ताई (सध्या रीडिंग)

मी इथे राहते, व्यवहाराचं सांगते. शनिवार-रविवारी रुळांची कामं काढतात, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी गाड्या तपासा. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत, बँकेचं कार्ड टेकवायचं. आपल्या भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्या आणि बँक किती आकार लावते ते विचारा, नाहीतर ऑयस्टर कार्ड घ्या, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड. बसला २०२४ मध्ये एका वेळी १.७५ पौंड होते, आणि पहिल्या बसपासून तासाभरात कितीही बस बदला, पुन्हा पैसे कापत नाहीत. एकाच कार्डाने दोघांना जाता येत नाही, प्रत्येकाचं वेगळं लागतं. सप्टेंबरात येणार असाल तर ओपन हाउस महोत्सव बघा, एरवी बंद असलेल्या कितीतरी इमारती फुकट बघता येतात. आणि महाराष्ट्र मंडळ लंडन, १९३२ पासूनचं, डॉलिस हिलला आहे. गणपतीत आलात तर तिथे नक्की जा. आपली माणसं भेटतात आणि घरचं जेवण मिळतं.

पायथ्याचा सातारकर

मुक्ताताई, फार उपयोगी. कृष्णाकाठ, आता तुमचं. मी कंपनीकडून गेलो म्हणून माझा व्हिसा त्यांनी केला, पण पर्यटकालाही तोच साधा व्हिजिटर व्हिसा लागतो, सहा महिन्यांचा. २०२४ मध्ये फी ११५ पौंड होती, आणि पौंड तेव्हा एकशे दहा रुपयांच्या आसपास. बोटांचे ठसे पुण्यात देता येतात, मुंबईला जावं लागत नाही. राहायला आम्ही युस्टनजवळ साधं हॉटेल घेतलं, दोघांत एक खोली. संग्रहालयं फुकट असल्यामुळे खरा खर्च राहण्याचा आणि जेवणाचा.

आईंना ट्यूबने, म्हणजे भुयारी रेल्वेने, नेऊ नका. जुन्या स्टेशनांत जिने फार आहेत. साउथ केन्सिंग्टनलाही जिने चढावे लागतात. बस सगळ्या खालच्या फुटबोर्डच्या आहेत, रॅम्प निघतो, ज्येष्ठांना पुढची जागा असते. आईंसाठी मी एवढंच ठेवीन: सकाळी १५ नंबरची बस सेंट पॉल्सपासून ट्रॅफल्गरपर्यंत, तिथे चौकात बसणं, दुसऱ्या दिवशी व्ही अँड ए. तिथे व्हीलचेअर मिळते आणि मधल्या चौकात बसायला छान जागा आहे. लेडनहॉल बघायचंच असेल तर टॅक्सीने जा, ते अंतर चालण्यासारखं नाही. मॉन्युमेंटला लिफ्ट नाही, तो खालूनच बघा.

कृष्णाकाठ (सांगली)

दादा, आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, वाघ बघायचाच. बाकी काय विषय नाही.

इतिहासवेडी_शाहूपुरी

मी एम.ए. करतेय, विषय साताऱ्याची खालसा प्रक्रिया. तिकडे मूळ कागद बघायला मिळतात का? की फक्त प्राध्यापकांना?

पायथ्याचा सातारकर

कंपनीचे आणि इंडिया ऑफिसचे दप्तर ब्रिटिश लायब्ररीत आहे, युस्टन रोडवर, म्हणजे आम्ही भेटलो तिथून पाच-सात मिनिटांवर. वाचक म्हणून पास फुकट काढता येतो. ओळखीचा आणि पत्त्याचा असे दोन पुरावे लागतात. प्राध्यापक असण्याची अट नाही. कोणता दस्त हवा त्याचा क्रमांक आधी शोधून ठेव आणि निघण्यापूर्वी ईमेलने विचार, म्हणजे तिथे गेल्यावर वेळ जात नाही. शनिवार-रविवारावर मात्र भिस्त ठेवू नकोस, अभ्यासाला मधले वार लागतात.

आणि तिथे जायच्या आधी पुण्याच्या पुराभिलेखागारात साताऱ्याच्या दप्तरासाठी चौकशी कर. मोडी येते का?

इतिहासवेडी_शाहूपुरी

येते काका, नगरवाचनालयात शिकले. वळणदार अक्षर असेल तर भरभर वाचते, घाईत लिहिलेलं असेल तर वेळ लागतो.

माहुलीकर

मग पोरी, तू जा आणि रंगो बापूजींचा एक तरी अर्ज स्वतःच्या डोळ्यांनी बघून ये. खर्चाचं बोलू आपण, इथले चार जण मिळून काहीतरी करू.

फलटणचा पाहुणा

पुन्हा वाचला पूर्ण धागा. वाघ आधी लेडनहॉल स्ट्रीटला होता, हे मला माहीत नव्हतं. माझा भाचा डिसेंबरात जातोय, त्याला लिंक पाठवली. टॉवरही बघ म्हटलंय, ते माझं कायम.

पायथ्याचा सातारकर

अवश्य बघू दे. त्याला सांगा, डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे बाहेरचं चालणं सकाळी आणि संग्रहालय दुपारी.

माझा मित्र दिवाळीत साताऱ्याला येतोय. त्याला उलटा फेरा दाखवायचाय: राजवाडा आणि प्रतापसिंह हायस्कूल, मग चार भिंती, मग गेंडामाळ. भाऊबीजेनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सातला गोल बागेजवळ जमू. माहुलीकर काका, गेंडामाळावर तुम्ही बोलायचं. येणाऱ्यांनी इथेच नाव लिहा.

माहुलीकर

येतो. एक नातू धरा.

देऊरचा मास्तर

मी आणि नववीची सहा मुलं. एसटीने येऊ, पावणेसातला स्टँडवर.

इतिहासवेडी_शाहूपुरी

मी येते. सोबत १८५७ च्या त्या १७ जणांची नावं लिहून आणते, तिथे वाचूया.

कृष्णाकाठ (सांगली)

सांगलीहून दोघं. गाडी कुठे लावायची तेवढं सांगा.

पायथ्याचा सातारकर

राजवाड्याजवळ सकाळी जागा मिळते. मंडईच्या बाजूने येऊ नका, रविवारी गर्दी असते. पोवई नाक्यावरून सरळ वर या.